जुन्या सीजे-३बी जीपला पुढे डिस्क ब्रेक बसवावेत का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी वडिलांच्या वेळची पेट्रोलवर चालणारी सीजे-३बी जीप आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक (फिरत्या डब्याला आतून घासपट्ट्या दाबणारे) आहेत, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते आणि घाटाच्या उतारावर पेडल खाली खाली जाते, तर पुढच्या चाकांना मारुती जिप्सीची डिस्क (दोन्ही बाजूंनी पॅडांनी चिमटली जाणारी उघडी चकती) बसवली तर हे दुखणे जाईल का. मी इंदुरात राहतो, तशीच जीप बाळगून आहे आणि हा उद्योग एकदा चुकत-माकत पूर्ण केला आहे. माझे उत्तर असे की डिस्क जरूर बसवावी, फक्त पुढच्या दोन चाकांना बसवावी, परंतु पैसा आणि लक्ष डिस्कपेक्षा ब्रेकच्या पंपावर, म्हणजे मास्टर सिलिंडरवर, अधिक खर्च करावे.

तत्पूर्वी एक शंका. गाडी डावीकडे ओढते याचा अर्थ बहुधा उजवीकडचा ब्रेक कमी धरतो. या जीपच्या पुढच्या ॲक्सलला स्टिअरिंग नकलचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याचा, मोठा बंद गोळा असतो आणि त्यातले व ॲक्सलमधले वंगण जुन्या सीलमधून झिरपून थेट लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासपट्टीवर, येते. उजवा ड्रम उघडून लायनर चकचकीत, काळे आणि तेलकट दिसले तर दोष ड्रमचा नसून सीलचा आहे, आणि ते सील न बदलता डिस्क बसवली तर उद्या हेच तेल पॅडवर येईल. दुसरे म्हणजे या ब्रेकमध्ये शू (लायनर लावलेल्या कमानी) खालच्या बाजूला ज्या दोन बोल्टांवर टेकतात त्यांचे मध्य मुद्दाम बाजूला सरकवलेले असतात. ते फिरवून शूची टाच ड्रमला जुळवायची असते. आजच्या बहुतेक गॅरेजांत फक्त वरचे दोन बोल्ट फिरवून काम उरकतात, त्यामुळे शूचा निम्माच भाग घासतो आणि बिचाऱ्या ९ इंची ड्रमची नाहक बदनामी होते.

एवढे करूनही माझे समाधान झाले नाही, कारण आमच्याकडून महेश्वर-मंडलेश्वरकडे जाताना महूच्या पुढे जाम गेटचा घाट उतरावा लागतो. अहिल्याबाईंच्या काळात १७९१ मध्ये बांधलेल्या त्या दरवाजातून खाली नर्मदेचे खोरे फार सुंदर दिसते, पण माझे लक्ष पेडलकडे असे. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब सरकतो आणि पेडलचा प्रवास वाढतो. डिस्क तापली तरी ती फुगून पॅडच्याच दिशेने येते आणि उघडी असल्याने लवकर निवते. पाण्यातून गाडी काढल्यावर डिस्क चाकाच्या काही फेऱ्यांत कोरडी होते, ड्रमला मात्र ब्रेक दाबून धरत बरेच अंतर चालवावे लागते.

जोडणीचा भाग तुलनेने सोपा आहे. जिप्सीच्या आणि या जीपच्या चाकांचे पाच बोल्ट एकाच साडेपाच इंची वर्तुळावर बसतात, म्हणून जिप्सीची डिस्क इकडे सोयीची पडते. हबवरून (चाकाच्या मधल्या तुंब्यावरून) ड्रम वेगळा करून घ्यावा लागतो आणि मग खरादवाल्याकडून (लेथवाल्याकडून) डिस्क व हब यांची बैठक जुळवून घ्यावी लागते. कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, ब्रॅकेट, ड्रमची मागची प्लेट ज्या सहा बोल्टांनी धरलेली असते, त्याच जागी बसतो. माझे हे काम देवास नाक्याजवळच्या एका खरादवाल्याने केले. त्याने डिस्क लावल्यावर डायल लावून ती किती डुलते हे तपासले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. वेल्डिंगने अंदाजपंचे चिकटवलेला ब्रॅकेट मात्र कोणी देऊ लागले तर घेऊ नये. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि चाक हवेत लोंबकळत ठेवून ब्रेकचा लवचिक पाइप ताणला जात नाही ना, तसेच रिम कॅलिपरला घासत नाही ना, हे स्वतः पाहावे. मूळच्या १६ इंची रिमला अडचण येत नाही. हौसेने १५ इंची बसवल्या असतील तर येऊ शकते.

आता पंपाविषयी. मी पहिल्या वेळी जुना पंप तसाच ठेवला आणि फसलो. ड्रमच्या पंपात एक छोटी झडप असते, जी पाय उचलल्यावरही पाइपात सुमारे १० पाउंड प्रति चौरस इंच दाब राखून ठेवते, कारण त्याने व्हील सिलिंडरचे (चाकात शू ढकलणाऱ्या सिलिंडरचे) वॉशर ताणलेले राहतात. ड्रममध्ये शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंग असल्याने तो दाब जाणवत नाही; डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नसते, त्यामुळे तेवढ्या दाबावर पॅड घासतच राहतो. चार किलोमीटरवर गाडी जड झाली, जळका वास आला आणि हबजवळ हात नेववेना. गॅरेजच्या उस्तादांनी कॅलिपरचे निप्पल (हवा काढायचा स्क्रू) पाव आटा सैल केले, तेलाची एक चिळकांडी उडाली आणि अडकलेले चाक हाताने फिरू लागले. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: निप्पल उघडताच चाक सुटले तर दाब पाइपात कोंडलेला आहे, न सुटले तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम आहेत.

म्हणून डिस्कसाठीचा, दोन भागांचा पंप घ्यावा. मूळ जीपमध्ये एकच पाइपमार्ग असल्याने एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन भागांच्या पंपात निदान पुढचे किंवा मागचे शाबूत राहतात, आणि केवळ या एका कारणासाठीही हा खर्च मला योग्य वाटतो. आपला पंप पायाखालच्या फळीखाली, कॅलिपरच्या जवळपास उंचीवर असतो, त्यामुळे तेल परत उतरू नये म्हणून डिस्कच्या मार्गावर २ पाउंड दाबाची वेगळी झडप लावतात.

डिस्कमध्ये शू स्वतःहून ड्रममध्ये ओढला जाण्याचा फायदा नसतो, तेव्हा पायाला जोर जास्त लागतो. पंपाचा व्यास १ इंचावरून ७/८ इंच केला तर तेवढ्याच जोरात दाब सुमारे ३० टक्के वाढतो, पण पेडलचा प्रवासही तितकाच वाढतो. खरा उपाय बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा, हाच आहे. आपले इंजिन पेट्रोलचे असल्याने बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) मिळेल. ज्यांनी डिझेल इंजिन बसवले आहे त्यांना व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. बूस्टर आल्यावर मागच्या ड्रमचाही दाब वाढतो आणि ८० इंची व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) ही आखूड गाडी ओल्या रस्त्यावर मागून फिरू पाहते, म्हणून मागच्या पाइपात दाब कमी करणारी, हाताने फिरवता येणारी झडप हवीच.

हवा काढताना आमच्या ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या वाया गेल्या, पेडल काही केल्या घट्ट होईना. शेवटी लक्षात आले की डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल झाले होते, निप्पल खालच्या बाजूला आले होते आणि हवा वर अडकून बसली होती. निप्पल वरच हवे.

हातब्रेक या जीपमध्ये ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागे, शाफ्टवर असतो. त्याला या कामात हात लावावा लागत नाही. चेसिसला मात्र नवे भोक पाडू नये व वेल्डिंग करू नये. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळतो, आणि आपल्या मनात तो विचार असेल तर आरटीओत आधी विचारून घ्यावे. माझे काढलेले ड्रम, प्लेटा आणि जुना पंप ग्रीस लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले आहेत.