मुलाचं ऑपरेशन पॉलिसीसाठी दोन वर्षं थांबवू नका

प्रश्न: मुलगा 3 वर्षांचा, उजव्या जांघेत हर्निया. दुर्बिणीतून ऑपरेशनला 80 हजार, साध्या पद्धतीने 45 हजार सांगितलेत. जास्तीचे 35 हजार द्यावेत का? एजंट म्हणतो, 18 हजारांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा एकत्र आरोग्यविमा) घ्या, फॉर्मवर हर्निया लिहू नका, दोन वर्षांनी क्लेम मिळेल. बचत 1 लाख 10 हजार. मुलाच्या नावे युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) आहे, वर्षाला 60 हजार, दोन हप्ते भरलेत. यजमानांना कंपनीचा विमा आहे, त्यात मुलाचं नाव घालायचं राहिलंय. – एक वाचक, नाशिक

उत्तर: 35 हजारांचं नंतर बघू. आधी थांबण्याचा विचार सोडा. बेंबीचा हर्निया पुष्कळदा आपोआप भरतो, जांघेतला भरत नाही. जन्माच्या सुमारास बंद व्हायची पिशवी उघडी राहते आणि त्यात आतडं उतरतं. ते अडकलं की गाठ कडक होते, दुखते, आत जात नाही, उलट्या होतात. मग त्याच तासाला हॉस्पिटल गाठावं लागतं, आणि आतड्याला इजा झाली असेल तर 80 हजारांतही भागत नाही.

‘लिहू नका’ म्हणणाऱ्या एजंटकडून काहीही घेऊ नका. निदान डॉक्टरांच्या कागदावर तारखेसह आहे. क्लेमच्या वेळी कंपनी तोच कागद मागते; लपवल्याचं दिसलं की क्लेम नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. खरं लिहिलंत तर आधीच्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे दोन वर्षांत 36 हजारांचे हप्ते भरूनही हाती काही नाही. फ्लोटर जरूर घ्या, पण सगळं खरं लिहून आणि पुढच्या आजारपणांसाठी.

खरी चूक कंपनीच्या विम्यात मुलाचं नाव न घालण्याची आहे. अशा ग्रुप पॉलिसीत बहुतेकदा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. उद्याच एचआरला विचारा: मुलाचं नाव आत्ता घालता येईल की नूतनीकरणालाच? नूतनीकरण दोन-तीन आठवड्यांवर असेल आणि सर्जन हो म्हणाले, तरच तेवढं थांबा. नाहीतर बचतीतून 45 हजार काढा, 65 हजार उरतात.

युलिपची आशा धरू नका. 5 वर्षं त्यातून पैसे निघत नाहीत. मुलाला आरोग्यविमा नसताना 1 लाख 20 हजार तिथे अडकवायला लावणं ही सरळ चुकीची विक्री आहे. तिसऱ्या हप्त्याआधी बंद केल्यास किती कापतील, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही पद्धतींत काम एकच, पिशवीचं तोंड बांधणं. लहान मुलांना मोठ्यांसारखी आधाराची जाळी बसवत नाहीत; अंदाजपत्रकात जाळी दिसली तर कारण विचारा. दुर्बिणीतून दुसरी बाजूही दिसते आणि उघडी असेल तर तेव्हाच बांधता येते. दोन्हीकडे हर्निया असेल किंवा तो पुन्हा उलटला असेल, तर 35 हजार द्यावेत. एकाच बाजूला पहिल्यांदाच असेल तर साधी पद्धत पुरेशी आहे. बालशल्यचिकित्सक आणि लहान मुलांना भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ मात्र हवेतच. तिथे पैसे वाचवू नका.