काढून टाकता येईल असाच प्लगिन लिही

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दोनदा वाचले. रेडमाइन या कामे नि तक्रारी नोंदवण्याच्या प्रणालीत इश्यूच्या, म्हणजे अशा एका नोंदीच्या, पानावर तुला हव्या त्या जागी हुक (बाहेरच्या कोडला आपला मजकूर घालता यावा म्हणून ठेवलेली जागा) नाही, म्हणून तू ते पान तयार करणारी मूळ व्ह्यू फाइलच आपल्या प्लगिनच्या, म्हणजे वरून जोडायच्या कोडच्या, फोल्डरमध्ये उचलून आणलीस, तिच्यात चार ओळी घातल्यास आणि आता विचारतोस की चालते आहे, तर प्रसिद्ध करायला काय हरकत आहे. हरकत आहे. प्लगिनमधली फाइल त्याच नावाच्या मूळ फाइलला झाकून टाकते. उद्या नव्या आवृत्तीत त्या पानातली सुरक्षेची एखादी त्रुटी दुरुस्त झाली, तरी तुझा प्लगिन बसवणाऱ्यांना तुझ्याकडचे जुने पानच दिसत राहील, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

प्लगिन काढल्यावर रेडमाइन पूर्ववत झाले पाहिजे. माझी कसोटी एवढीच आहे, आणि ती मी दुसऱ्यांचे नुकसान करून शिकलो. माझ्या पहिल्या प्लगिनमध्ये मी थेट इश्यूंच्या टेबलात एक कॉलम जोडला, जुन्या नोंदींत किंमत भरली आणि तो रिकामा राहू नये अशी अट घातली. मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला असा बदल) उलटे फिरवणारा भाग मात्र कोराच ठेवला, कारण आपला प्लगिन कोणी काढेल हे माझ्या मनातच आले नाही. डिसेंबर 2018 मध्ये रेडमाइन 4.0 आले आणि त्याबरोबर ते ज्या चौकटीवर बांधलेले आहे ती रेल्स 5.2. मूळ मेथडच्या जागी आपली मेथड बसवणाऱ्या ज्या एलियस_मेथड_चेनवर माझा सगळा डोलारा उभा होता, ती रेल्समधून केव्हाच गेली होती. माझा प्लगिन वापरणाऱ्या एका संस्थेत सर्व्हर सुरूच होईना. त्यांनी फोल्डर काढून टाकले, सर्व्हर सुरू झाला, जुने इश्यू उघडले. पण नवा इश्यू नोंदवता येईना, कारण तो कॉलम तसाच राहिला होता आणि त्यात किंमत भरणारे कोणी उरले नव्हते. दोन दिवस त्यांचे लोक तक्रारी कागदावर लिहून ठेवत होते.

म्हणून सांगतो, आधी काढण्याची वाट बांध. माहिती स्वतःच्या वेगळ्या टेबलात ठेव आणि तिथे फक्त इश्यूचा क्रमांक लिही. टेबल गेले की मागे काही उरत नाही. मूळ मेथड बदलणे अगदीच भाग असेल तर प्रीपेंड (मूळ मेथडच्या आधी आपली मेथड चालवण्याची सोय) वापर, ते रूबी भाषेत 2.0 पासून, म्हणजे 2013 पासून आहे, आणि आत सुपरला, म्हणजे मूळ मेथडला, हाक मारायला विसरू नकोस. माहितीपत्रकात पहिल्याच परिच्छेदात लिही की आधी शून्य आवृत्ती देऊन मायग्रेशन उलटे चालवायचे आणि मगच फोल्डर काढायचे. फोल्डर आधी काढले, तर उलटे फिरवण्याची कृतीही त्याच्याबरोबर जाते.

आणि हुकचे काय? मूळ प्रकल्पाकडे मागायचा! एका ओळीचा कॉल_हुक, तो कशासाठी हवा याचे दोन वाक्यांत कारण आणि सोबत चाचणी, एवढाच पॅच (कोडमधला बदल) पाठव. महिने लागतील. तोवर तपशिलाच्या तळाशी जो हुक आहे त्यावर तुझी माहिती दाखव. जागा मनासारखी नसेल, पण पान त्यांचे आहे. 'थांबायला वेळ नाही' असे मला पुन्हा लिहू नकोस. मीही तेच म्हणत होतो.

मी हट्टी आहे, लोकांचे पॅच परत पाठवतो, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. ती खरी आहे. मूळ टेबलाला हात लावणारा प्रत्येक पॅच मी परत पाठवला, त्यातले काही खरोखर उपयोगी होते, आणि एक चांगला सहकारी त्यामुळे दुरावला याची रुखरुख आजही आहे. तरीही आज तोच पॅच आला, तर मी तोच निर्णय घेईन. त्या दोन दिवसांचे कागद मी पाहिले आहेत.

तुझा कोड नीटस आहे, नावे विचार करून दिलेली आहेत, म्हणूनच एवढे रागावून लिहिले. ती उचललेली फाइल आजच काढ. मग कोऱ्या डेटाबेसवर प्लगिन बसव, दोन इश्यू नोंदव, प्लगिन काढ आणि तिसरा इश्यू नोंदवून पाहा. तिसऱ्याचे काय झाले ते मला कळव.

तुझा,
एक जुना सहकारी