रॉटनेस्टवर हजारो क्वोका दिसतात, मग तो धोक्यात कसा?

तुमचा प्रश्न असा आहे की ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटावर क्वोका हे छोटे प्राणी दुकानाच्या दारापर्यंत येतात, तरी धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्यांची नोंद 'असुरक्षित' म्हणून का? आणि जवळ बसून फोटो काढला तर चालतं का?

पहिल्या भागाचं उत्तर बेटावर नाहीच, समोरच्या मुख्य भूमीवर आहे. क्वोका हा कांगारूच्या कुळातला, मांजराएवढा, अडीच ते पाच किलोंचा पिशवीवाला प्राणी. समुद्राची पातळी वाढली तेव्हा, सुमारे 7000 वर्षांपूर्वी, रॉटनेस्ट मुख्य भूमीपासून तुटलं आणि तिथले क्वोका तिथेच राहिले. (1696 मध्ये डच खलाशी व्लामिंगनं त्यांना घुशी समजून बेटाला 'उंदरांचं घरटं' असं नाव दिलं, तेच आजचं रॉटनेस्ट.) नैऋत्य ऑस्ट्रेलियात 1930च्या दशकात लाल कोल्हा पसरला आणि मुख्य भूमीवरचे क्वोका झपाट्यानं संपत गेले. बेटावर कोल्हा पोचला नाही, म्हणून तिथे आज अंदाजे दहा-बारा हजार आहेत, तेही अवघ्या 19 चौरस किलोमीटरवर. मुख्य भूमीवर उरल्यात त्या दलदलीच्या कडेनं विखुरलेल्या लहान टोळ्या.

या टोळ्यांना दोन गोष्टी शेजारी शेजारी लागतात: लपायला जुना दाट झाडोरा आणि चरायला अलीकडे जळून पुन्हा फुटलेला कोवळा पाला. मोठा वणवा लागला की दोन्ही एकदम जातात. 2015 मध्ये नॉर्थक्लिफच्या वणव्यात तिथले सुमारे 500 क्वोका 39 वर आले. आगीतून वाचलेल्यांनाही आडोसा उरत नाही, मग कोल्हे आणि रानटी झालेली मांजरं त्यांना सहज गाठतात.

कोल्ह्यांसाठी '1080' हे विष घातलेले सुक्या मांसाचे तुकडे विमानातून टाकतात. हेच रसायन तिथल्या काही रानझुडपांत निसर्गतःच असतं. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ती खाणारे स्थानिक प्राणी ते बरंचसं पचवतात, बाहेरून आलेला कोल्हा मात्र थोड्याशा मात्रेनं मरतो. अडचण मांजरांची. त्यांना शिळंपाकं आवडत नाही, शिकार ताजी लागते. त्यामुळे नुसते कोल्हे कमी करून भागत नाही.

'संकटात आई पिल्लू कोल्ह्यापुढे फेकते' हे तुम्ही वाचलं असेल. फेकत नाही. जिवाच्या आकांतानं पळताना पिशवीचे स्नायू सैल पडतात, पिल्लू खाली पडतं आणि फिस्कारत राहतं. शिकाऱ्याचं लक्ष तिकडे जातं, आई निसटते. तिच्या गर्भाशयात बहुधा वाढ थांबवलेला दुसरा गर्भ असतो, पिल्लू गेलं की तो वाढायला लागतो.

बेटावरही सगळं आलबेल नाही. उन्हाळ्यात गोडं पाणी आणि हिरवा पाला दोन्ही आटतात. उन्हाळा संपेपर्यंत प्राणी हडकतात, त्यांचं रक्त कमी होतं, दुबळे मरतात. वस्तीपासून लांबच्या टोकाला गेलात तर फोटोंत दिसतात तसे गुबगुबीत क्वोका दिसतीलच असं नाही. शिवाय नव्यानं लावलेली रोपं ते फस्त करतात, म्हणून तिथे झाडं लावायची तर कुंपण घालावंच लागतं. आणि बेटावरच्या सगळ्यांची रक्तरेषा जवळजवळ एकच. एखादा नवा आजार शिरला तर मोठी संख्या फारशी कामाला येईल, असं मला वाटत नाही.

आता फोटो. काढा, पण हात लावू नका, पाव-चिप्स देऊ नका, पाणीसुद्धा नको. मऊ पाव दातांत अडकतो, हिरड्या सुजतात, जबडा सडू लागतो. पोटही आपल्यासारखं नाही, पाला आंबवून पचवणारं आहे. हात लावण्याचा दंड 300 ऑस्ट्रेलियन डॉलरपासून सुरू होतो. पान दाखवून बोलवायचं तंत्र व्हिडिओंत दिसतं, तेही टाळाच. जमिनीवर बसा, फोन गुडघ्याखाली धरा, थांबा. कुतूहलापोटी तोच नाक लावायला येतो, आणि तो 'हसरा' चेहरा खालूनच चांगला येतो. तुमच्या बॅगेची चेन बंद ठेवा. तो मुळात निशाचर आहे, तेव्हा भाड्याची सायकल घेतलीत तर तिन्हीसांजेनंतर वेग कमी ठेवा: रस्त्याच्या मधोमध बसलेला क्वोका ऐन वेळेपर्यंत दिसत नाही आणि घंटी वाजवली तरी बाजूला होत नाही.