वॉफल टाका शिकायचाय? आधी ओट्याची फडकी विणा

तुम्हाला क्रोशाचे साखळी आणि खांब हे मूळ टाके येतात, वॉफल टाक्याची, म्हणजे खोलगट चौकोनांच्या विणीची शाल विणायला घेतलीत, पण दहा-बारा ओळींनंतर कडा आत जातात आणि आतापर्यंत तीनदा उसवून झालं. पुढे काय करू, असं विचारलंय. माझं म्हणणं ऐका, शाल ठेवून द्या आणि सुती दोऱ्याची चार फडकी विणा. ओटा पुसायची, वीतभर लांबरुंद.

शालीत चूक झाली की दोनशे खांब उसवायचे म्हणून जीवावर येतं आणि आपण चूक तशीच पुढे रेटतो. फडक्याची ओळ ३० खांबांची. उसवली तरी पाच मिनिटांत परत विणून होते. शिवाय सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, त्यामुळे सैल-घट्ट जे काही झालं असेल ते लगेच दिसतं. लोकर बऱ्याच चुका पोटात घालते आणि म्हणूनच तिच्यावर शिकताना फसायला होतं.

दोरा जाडसर, बिनचमकीचा आणि फिकट रंगाचा घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत. रुमाल-तोरणांचा चकचकीत बारीक दोरा इथे नको, आणि ॲक्रिलिक तर मुळीच नको. ते पाणी शोषत नाही आणि गरम भांड्याला लागलं तर वितळतं. सुई ४ मिमीची. सुताने बोटं लवकर दुखतात, तेव्हा दोरा आवळून धरू नका. जमत नसेल तर ४.५ची घ्या.

आता विणायला बसा. ३२ साखळ्या घाला आणि सुईपासून चौथ्या साखळीत खांब घ्या. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब धरायचा, म्हणजे ओळीत ३० होतात. दुसऱ्या ओळीला तीन साखळ्या, मग एक खांब खालच्या खांबाच्या माथ्यात न घेता त्याच्या अंगाभोवती घ्यायचा: सुई पुढून मागे आणि पलीकडून परत पुढे. व्हिडिओत यालाच फ्रंट पोस्ट म्हणतात. त्यानंतरचे दोन खांब नेहमीसारखे माथ्यात. हेच पुढे चालू ठेवा, शेवटी एक अंगाभोवतीचा आणि कडेचा एक साधा. तिसऱ्या ओळीत उलट: तीन साखळ्या, अंगाभोवती घेतलेल्या खांबावर साधा खांब, पुढच्या दोन साध्यांवर अंगाभोवतीचे. शेवटचे दोन्ही साधे. या दोन ओळी आलटून पालटून विणायच्या. चौथ्या-पाचव्या ओळीपर्यंत खोलगट चौकोन उमटत नाहीत, तोवर धीर सोडू नका.

तुमच्या कडा का आत जातात? माझा अंदाज, ओळीचा शेवटचा खांब सुटतोय. तो आधीच्या ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्यांपैकी तिसरीत घ्यायचा असतो, आणि ती साखळी कडेला अशी मुडपून बसते की नजरेतून निसटते. माझं पहिलं फडकं ३० वर सुरू होऊन २४ वर संपलं होतं. आईने काही न बोलता हातात एक सेफ्टी पिन दिली. ती पिन दर ओळीला त्या तिसऱ्या साखळीत अडकवायला लागले तेव्हा कडा सरळ आल्या. तुम्हीही पिन लावा आणि दर ओळ मोजा.

आणखी एक. पॅटर्न ब्रिटिश आहे की अमेरिकन ते आधी बघा. आपला खांब म्हणजे अमेरिकेतलं डबल क्रोशे. ब्रिटनमध्ये त्याला ट्रेबल म्हणतात आणि तिथलं डबल क्रोशे म्हणजे अमेरिकेतलं सिंगल. अमेरिकन पॅटर्नमधलं डबल ब्रिटिश समजून विणलं तर टाका इतका बुटका येतो की अंगाभोवती सुई घालायला जागाच उरत नाही.

एका फडक्याला ५०-६० ग्रॅम सूत लागतं. शेवटी वीतभर दोरा राखून तो एकदा इकडे, एकदा तिकडे असा ओवा, नाहीतर धुण्यात सुटतो. पहिल्या धुण्यात सूत थोडं आटतं. वॉफलचे खळगे पाणी छान टिपतात, पण पावसाळ्यात फडकं लवकर वाळत नाही आणि कुबट वास येतो. म्हणून एक वापरात आणि एक दोरीवर, अशी जोडीनेच विणा.

चौथं फडकं न मोजता सरळ आलं की शाल परत काढा. साखळ्या घालताना तीनच्या पटीतला कुठलाही आकडा घ्या आणि त्यात दोन मिळवा.