पाळक व्हायचंय, मग डोंगर कशाला?

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. सासऱ्यांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे आमचं घर नगरहून इंदूरला आलं. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. मुलाला पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचंय, त्याला आमची ना नाही. पण रविवारची उपासना संपली की हा इंदूरजवळच्या डोंगरांत, पाताळपाणी, चोरल नाहीतर जानापावला पळतो. एन.सी.सी.चं सी प्रमाणपत्र, पोहणं, दोराच्या गाठी, यातच जीव. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक वडीलधारे म्हणाले, "पाळकपदाच्या अर्जात हे लिहू नका, पोरकट दिसतं. त्यापेक्षा बायबलच्या मूळ भाषांना, ग्रीक-हिब्रूला लागू दे." काय करावं? – एक आई, इंदूर

उत्तर :

ताई,

अर्जात लिहू द्या. फक्त आत्ता तो ज्या पद्धतीने लिहील तसं नको, त्याबद्दल पुढे सांगतो.

मी ख्रिस्ती नाही. तरी पाळक म्हणजे मेंढरं पाळणारा, एवढं मला कळतं, आणि होळकरांच्या शहरात धनगराचं काम कुणी समजावून सांगायला नको. तुमच्या २३व्या स्तोत्रात 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' असं आहे ना? आकडी ही खड्ड्यात अडकलेलं मेंढरू ओढून काढायची वस्तू. म्हणजे खड्डा कुठे आहे आणि त्यात कसं उतरायचं, हे ती धरणाऱ्याला ठाऊक असणार.

इंदूरच्या चर्चमध्ये याची गरज कदाचित पडणार नाही. पण बिशप उद्या त्याला धार, झाबुआ, अलीराजपूरकडे पाठवू शकतात. तिकडे भिलांच्या फळियात, म्हणजे वस्तीत, घराला घर लागून नसतं, ज्याची त्याची टेकडी, ज्याच्या त्याच्या शेतात झोपडी. दहा घरांना भेटी द्यायच्या म्हणजे दहा चढ आणि दहा उतार. पावसाळ्यात संध्याकाळी निरोप येतो, म्हातारी अखेरच्या घटका मोजतेय, प्रार्थनेला या. मध्ये नाला, पाणी गढूळ आणि चढतं. अशा वेळी पट्टीचा पोहणारा उडी मारतो आणि खरा जाणकार काठावर थांबतो, पाणी उतरायची वाट बघतो, नाहीतर वरच्या अंगाला पूल शोधतो. म्हातारीकडे उशिरा पोचला तरी चालेल, सोबत आलेल्या दोन पोरांना वाहून जाऊ देऊन चालणार नाही. मागे फिरण्याची ही अक्कल पुस्तकातून येत नाही, डोंगरात दोन-चारदा मागे फिरल्यावरच येते. साप चावला तर पाय करकचून बांधायचा नाही, जखम कापायची नाही, माणसाला हलू न देता थेट दवाखाना गाठायचा, हेही अशा ठिकाणी पाळकालाच सांगावं लागतं. ऐकलं जाईल असा माणूस तिथे बहुधा तोच असतो.

त्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट सांगा. आकिले रात्ती नावाचे एक इटालियन पाद्री होते. हाडाचे ग्रंथपाल, मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांत वर्षानुवर्षं बुडालेले. हेच गृहस्थ १८८९ साली आल्प्समधल्या मोंटे रोझाच्या अवघड पूर्व कड्यावरून चढले आणि एक रात्र उघड्या कड्यावर काढली. १९२२ मध्ये ते अकरावे पायस म्हणून पोप झाले. ते कॅथलिक होते आणि तुम्ही प्रोटेस्टंट, हे खरं. पण हस्तलिखितं आणि दोर एकाच माणसाच्या हातात शोभतात, एवढं त्यातून दिसायला हरकत नाही.

आता तुमच्या चिरंजीवांकडे वळतो, कारण त्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पाळकाचा बराचसा वेळ डोंगरात जात नाही. तो जातो दवाखान्यात, कबरस्तानात, समितीच्या बैठकांत आणि नवरा-बायकोची भांडणं ऐकण्यात. रविवारी दुपारी मंडळीतली एकटी म्हातारी माणसं कुणाची तरी वाट बघत असतात आणि हा चोरलला. म्हणून त्याला तीन प्रश्न विचारा. डोंगरात तो पुढे असतो की सगळ्यात मागे? मागच्याचा श्वास फुलला तर तो हसतो की थांबतो? आणि त्याच्यासोबत गेलेला कुणी 'परत कधी जायचं' म्हणून विचारतो का? उत्तरं तुम्हाला न आवडणारी असतील तर त्याला पाळक नव्हे, गिर्यारोहणाचा प्रशिक्षक व्हायचंय. तेही काही वाईट नाही. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगचा बेसिक कोर्स २८ दिवसांचा असतो. पदवीनंतर, सेमिनरीच्या (पाळकांच्या शिक्षणसंस्थेच्या) आधी तो करून येऊ द्या. काय ते तिथेच कळेल.

उत्तरं बरी असतील तर अर्जात 'ट्रेकिंगची आवड' असं दोन शब्दांत उरकू नये. कुणाला घेऊन गेला, काय बिघडलं, तेव्हा याने काय केलं, हे तीन-चार सरळ वाक्यांत लिहावं. लिहिण्यासारखं काही नसेल तर आधी घडू द्या: मंडळीतल्या तरुणांना घेऊन एक दिवसाची सहल, त्यात दमणारी पोरंही हवीत. आई-वडिलांची लेखी परवानगी, सोबत जबाबदार मोठी माणसं (मुली असतील तर बायकाही), आणि जिथे जाणार तिथल्या सरपंचांना आधी कल्पना. हल्ली हे कागद नीट असलेले बरे.

बाकी वाट ठरलेली आहे. मंडळीची शिफारस, धर्मप्रांताकडून निवड, मग सेमिनरी. बी.डी.ला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदवीनंतर साधारण चार वर्षं लागतात आणि पदवी सेरामपूरच्या विद्यापीठाची. बंगालमधलं सेरामपूर बरं का, तुमच्या नगरचं श्रीरामपूर नव्हे. जबलपूरचं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आणि पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी दोन्हीकडे चौकशी करा. घरी मराठी असली तरी इकडे उपदेश हिंदीत करावा लागेल, आणि झाबुआकडे भिली आली तर सोन्याहून पिवळं.

आणखी एक वाट महूतून, म्हणजे इंदूरजवळच्या लष्करी छावणीतून जाते. लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी असतात तसा पाद्रीही असतो, नायब सुभेदाराच्या दर्जाचा. त्याला पदवी लागते, दीक्षा झालेली असावी लागते, बिशपच्या मान्य यादीत नाव लागतं, वय किमान २५. आणि १६०० मीटर ८ मिनिटांत पळून दाखवावं लागतं. तिथे त्याच्या रविवारांना कुणी पोरकट म्हणणार नाही.

आणि जमलं तर त्या वडीलधाऱ्यांनाच एकदा जानापावला घेऊन जा. वरपर्यंत गाडी जाते.