जुन्या क्लासिक गाडीला मूळ रंग द्यावा की आपल्या आवडीचा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: तुम्ही १९६५ सालची गाडी घेतली आहे, आधीच्या मालकाने तिला चमकदार लाल मेटॅलिक रंग दिला होता, आणि पत्र्याचे काम सुरू असताना त्या लालाखाली फिकट राखाडी-हिरवट थर निघाला. आता तो फिका रंग परत आणावा, लालच ठेवावा, की मनात कधीपासून असलेला काळा द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो. तो राखाडी-हिरवा बॉनेटएवढ्या पत्र्यावर नीट मारून, उन्हात उभा करून पाहिल्याशिवाय त्याला नाही म्हणू नका.

हे मी माझ्या १९६३ च्या फोक्सवागन बीटलवरून शिकलो. ती माझ्याकडे आली तेव्हा काळी होती आणि तिला गडद तांबडा द्यायचा हे मी ठरवून टाकले होते. पुढच्या डिकीत डॅशबोर्डच्या मागे जो पुठ्ठा असतो तो काढला, तेव्हा तळहाताएवढ्या जागेवर स्वच्छ निळा रंग दिसला. तिथे ना कधी ऊन पोहोचले होते, ना रंगाऱ्याची स्प्रे गन. वोल्फ्सबर्गच्या फोक्सवागन संग्रहालयाकडून गाडीच्या जन्माचा दाखला मागवला, त्यात कारखान्याचा रंग गल्फ ब्लू, म्हणजे एल ३९०, असा निघाला. शेडकार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनात तो मला अगदी निर्जीव वाटला होता. जुन्या मडगार्डवर मारून पाहिला, आणि त्या मडगार्डची गोलाई मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसली.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. छोट्या तुकड्यावरचा रंग मोठ्या पृष्ठभागावर गेला की बहुधा अधिक उजळ आणि अधिक भरीव भासतो, त्यामुळे कार्डावर मळकट वाटणारी शेड गाडीवर खुलते आणि कार्डावर आवडलेली शेड गाडीवर अंगावर येते. शिवाय फिका साधा रंग पत्र्याचा आकार छायेतून दाखवतो, तर गडद रंग तो प्रतिबिंबांतून दाखवतो. साठच्या दशकातल्या पुष्कळ गाड्यांची बांधणी गोलसर आणि मऊ आहे. अशा आकारावर फिका रंग शोभतो, आणि काळ्यामध्ये तोच आकार झाडे, खांब आणि आकाश यांच्या प्रतिबिंबांत हरवून जातो.

मात्र त्याआधी एक शंका दूर करून घ्या: तुम्हाला दिसलेला थर खरोखर रंगच आहे, की तो प्रायमर, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर मारायचा अस्तराचा थर, आहे? राखाडी छटेच्या प्रायमरने भल्याभल्यांना फसवले आहे. त्या जागी थोडे पॉलिश कंपाउंड लावून चोळा. रंग असेल तर चमक येईल, प्रायमर असेल तर तो मंदच राहील. त्यानंतर एखाद्या आडोशाच्या जागी ८०० आणि मग १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून गोल फिरवा, म्हणजे झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे सगळे थर एकाभोवती एक उघडे पडतील. पत्र्यालगतच्या पहिल्या प्रायमरवर जो रंग बसलेला दिसेल तो कारखान्याचा. हे काम कोरडे घासून करू नका आणि मास्क लावा, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असायचे.

मूळ शेड शोधायला डॅशबोर्डच्या मागची बाजू, दाराच्या रबराखालची पट्टी आणि डिकीच्या बिजागरांमागची जागा पाहा. रंगाचा कोड बहुधा गाडीच्या प्लेटवर असतो. १९६५ च्या फोर्ड मस्टँगच्या दारावरच्या प्लेटवर एम हे अक्षर असेल तर ती गाडी विम्बल्डन व्हाइट रंगात बाहेर पडली होती, इतके ते स्पष्ट असते. पण कोडने नाव कळते, शेड हातात येत नाही. ब्रिटिश रेसिंग ग्रीनचेच पाहा: १९०३ साली आयर्लंडमध्ये झालेल्या गॉर्डन बेनेट शर्यतीत ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगात उतरल्या आणि तेव्हापासून ती परंपरा धरली जाते, परंतु त्या नावाखाली काळपट हिरव्यापासून पानासारख्या हिरव्यापर्यंत कितीतरी शेड वापरल्या गेल्या. शिवाय जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि कित्येक हिरव्या रंगांत शिशाची संयुगे असत, ती आता मोटारींच्या रंगांतून जवळजवळ गेली आहेत. त्यामुळे संगणकाने दिलेला फॉर्म्युला ही सुरुवात समजावी. आडोशाचा तो तुकडा आधी पॉलिश करून, त्याच्याशी ताडून रंग डोळ्यांनी जुळवून घ्यावा लागतो, आणि तोही ऊन, सावली आणि ट्यूबलाइट अशा तिन्ही उजेडांत, कारण एका उजेडात तंतोतंत जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात.

लाल मेटॅलिकबद्दल थोडक्यात सांगतो. त्या काळी मेटॅलिक रंग नव्हते असे नाही. १९६१ ची जग्वार ई-टाइप ओपलेसंट, म्हणजे मंद चमकीच्या मेटॅलिक, शेडमध्ये मिळत असे. पण त्यांतले धातूचे कण बारीक असत. तुमच्या गाडीवरच्या लालात मोतिया चमक असेल, तर ती अभ्रकाच्या कणांमुळे येते, आणि ते कण मोटारींच्या रंगांत १९८० च्या दशकात रुळले. १९६५ च्या क्रोम बंपरशेजारी ती चमक परकी वाटते, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी ते खटकतेच.

काळ्याचा मोह मी समजू शकतो, पण काळा रंग पत्र्याच्या कामाची सर्वांत कठोर परीक्षा घेतो. पुट्टीची जराशी लाट, दाराच्या कडेचा किंचित फरक, सारे त्यात उठून दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रंग बदलायचा तर इंजिनाची जागा, दारांच्या चौकटी, डिकीचा तळ आणि बॉनेटची आतली बाजू हे सगळे बदलावे लागते. नाहीतर दार उघडताच जुना रंग डोकावतो. म्हणून इंजिन काढून ठेवले असेल तर आज तिथे नीट पाहा. आधीच्या मालकाने आतून रंग बदललाच नसेल आणि तिथे राखाडी-हिरवा शाबूत असेल, तर मूळ रंगाकडे परतण्यात निम्मे काम वाचते. तो रंग पाहूनही मनाला पटला नाही, तर त्याच मॉडेलच्या त्याच वर्षीच्या कारखान्याच्या यादीतून दुसरी शेड निवडा. त्यात काळा असेल तर तो घ्यायला माझी काहीच हरकत नाही.

साध्या, कण नसलेल्या रंगासाठी वर क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा, थर देऊ नका. तेव्हा गाडीवर शेवटचा थर रंगाचाच असे. क्लिअरमुळे काचेसारखी जाडी दिसते आणि जुन्या गाडीचा चेहरा बदलतो. आजचा टू-पॅक रंग, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, क्लिअरशिवायही टिकतो, मात्र त्या हार्डनरमधले आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक असते. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंदिस्त बूथ ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडूनच तो मारून घ्या.

नमुन्यासाठी जुने मडगार्ड किंवा बॉनेट घ्या. त्यावर गाडीला द्यायचा तोच प्रायमर, तितकेच कोट आणि तीच गन वापरा, कारण प्रायमरची छटा पातळ रंगातून वर येते. तो पत्रा बंपर आणि सीटच्या कापडाशेजारी उभा करून आठवडाभर सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहा. रंग ठरला की अंतिम मिश्रणाचे प्रमाण लिहून ठेवा आणि अर्धा लिटर रंग हार्डनर न घालता घट्ट बंद करून बाजूला काढा. डॅशबोर्डमागे सापडलेल्या मूळ तुकड्यावर काम सुरू होण्यापूर्वी मास्किंग टेप लावा, आणि त्यावर गन फिरवायची नाही हे रंगाऱ्याला तोंडी नव्हे, टेपवरच लिहून सांगा. माझ्या बीटलमध्ये तो निळा तुकडा अजून तसाच आहे, आणि मागे दाराला ओरखडा पडला तेव्हा शेड पुन्हा त्याच्याशीच जुळवली.