पी४-पी६ ची घडी लूप बदलल्यावर का मोडली?
तुम्ही टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या इंट्रॉनमधल्या (आरएनएतून कापून काढल्या जाणाऱ्या भागातल्या) पी४-पी६ तुकड्यात पी५बी या हेलिक्सच्या (जोड्या जुळून झालेल्या पिळाच्या) टोकाचा जीएएए हा चार न्यूक्लिओटाइडांचा लूप काढून तिथे यूयूसीजी घातला. जोड्यांचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरने चित्र तेच दाखवलं, पण नेटिव्ह जेलवर, म्हणजे जिथे रेणू घडीसकट धावतो आणि सैल घडी मागे पडते, तिथे तुमचा रेणू मागे राहिला. हात कुठे चुकला, असं विचारलंय. हात चुकलेला नाही, जेल खरं सांगतंय.

चित्रात लूप म्हणजे नुसता गोल, म्हणून तो मोकळा धागा वाटतो. जीएएएमध्ये मोकळं काहीच नसतं. पहिला जी आणि शेवटचा ए एकमेकांना कडेने धरतात, जीनंतर धागा झटकन वळतो आणि तिन्ही ए (ॲडेनिन) एकावर एक रचले जातात. त्यांच्या कडा बाहेर उघड्या राहतात आणि दुसऱ्या हेलिक्सच्या उथळ खाचेत जाऊन बसतात. पी४-पी६ मध्ये ही जागा ठरलेली आहे, ११ न्यूक्लिओटाइडांचा रिसेप्टर, म्हणजे लूपला धरणारी खोबण. १९९६ साली केट, डाउडना आणि सहकाऱ्यांनी या १६० न्यूक्लिओटाइडांच्या तुकड्याची स्फटिकरचना काढली, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं: जे५/५ए या सांध्यापाशी रेणू दुमडलेला, दोन्ही बाजूंचे हेलिक्स शेजारी-शेजारी, आणि एका टोकाला हा लूप त्यांना बांधून धरतोय. दुसरी गाठ ए-बहुल फुगवट्याची, तिला मॅग्नेशियम लागतं.

यूयूसीजी स्वतः फार भक्कम आहे, हेअरपिन (हेलिक्स आणि त्याच्या टोकाचा लूप) छान टिकवतो. पण रिसेप्टरला हव्या असलेल्या कडा त्याच्याकडे नाहीत. हेअरपिन शाबूत, घडी मात्र सैल. सॉफ्टवेअर जोड्यांची आणि लूपची ऊर्जा मोजतं, दूरच्या स्पर्शाचा हिशेब त्यात नसतोच.

असे स्पर्श अपवादाने होतात असं समजू नका. हॅलोआर्क्युला मॅरिसमॉर्टुई या सूक्ष्मजीवाच्या रायबोसोममधल्या २३एस आणि ५एस आरएनएमध्ये १८६ ॲडेनिन अशाच, ए-मायनर म्हणतात त्या, उथळ खाचेतल्या स्पर्शात गुंतलेले सापडले. त्याच रायबोसोमच्या २३एसमध्ये किंक-टर्न सहा ठिकाणी दिसतो, म्हणजे तीन न्यूक्लिओटाइडांचा फुगवटा, शेजारी जी-ए जोड्या आणि हेलिक्सला बसलेला तीव्र बाक. मला यातलं सौंदर्य आजही थक्क करतं.

आता जेल पुन्हा लावा. मॅग्नेशियम जेलमध्येही हवं आणि धावत्या बफरमध्येही, हे बऱ्याचदा राहून जातं. मूळ रेणू, तुमचा बदललेला आणि जे५/५ए चा सांधा ताठ केलेला, असे तिन्ही एकाच जेलवर शेजारी धावू द्या. मग मॅग्नेशियम वगळून तेच तिन्ही परत. पहिल्या जेलवरची तफावत दुसऱ्यावर बरीचशी मिटली, तर मोडली ती घडीच.